पित्तावर सोलकढी

माझ्या घरात सोलकढी होत नाही, त्याला आता दोन वर्षं होतील. आमसुलं आहेत, नारळ आहेत, मिक्सर आहे, हातही धड आहेत. पण होत नाही. शाळेतल्या बायका विचारतात, "बाई, महाडात राहून सोलकढीचा कंटाळा?" मी म्हणते, येतो कंटाळा, तुमचं काय जातंय? मग त्या गप्प बसतात. गप्प बसवायला मला चांगलं जमतं. मास्तरीण आहे मी, पंचवीस वर्षं तेच करते आहे.

कारण एका संध्याकाळचं आहे. ते लिहून काढायचं धाडस आता कुठे झालंय, आणि तेही रागाच्या भरात झालंय. राग कोणावर, ते कळेलच.

मला एक भाऊ होता, माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. आई मजुरीला जायची, म्हणून त्याला मीच कडेवर घेऊन वाढवला. बाजारात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटारी, जळून आलेलं काहीही तो घ्यायचा. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार एकेक वेढा मोजून भरायची. वेढे चुकले की मोटार पुन्हा जळणार. असलं काम पिणाऱ्याने करू नये, आणि हा प्यायचा. सकाळी हात थरथरतात म्हणून प्यायचा, हात थांबले की काम करायचा, आणि संध्याकाळी काम झालं म्हणून प्यायचा. भावजय दोनदा लेकीला घेऊन वरंधला माहेरी निघून गेली. दोन्ही वेळा मीच जाऊन तिला परत आणलं. दोन्ही वेळा तिला म्हटलं, "चल, मी आहे ना."

पण तो खोटारडा नव्हता. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, आमची सगळी वस्ती सांगेल. आम्हा बौद्धांत बारसं असो, लग्न असो, की कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, आधी हात जोडून त्रिसरण आणि पंचशील म्हणतात. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. पिणारेही ते डोळे मिटून म्हणतात आणि बाहेर जाऊन पितात. माझा भाऊ चार शीलं म्हणायचा आणि पाचव्याला तोंड मिटून उभा राहायचा. लोक चिडवायचे, "आला रे चार शीलवाला!" तो हसायचा. "जा सील पालत नाय, ता म्हनू कसा?" म्हणायचा. मला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी त्याच्या कानाशी लागून म्हणायचे, "अरे, निदान ओठ तरी हलव."

मग एका सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी मला आणि भावजयीला बाकावर बसवून सांगितलं, यकृत जेमतेम उरलंय, आता घोटभर जरी गेली तरी पुढचं मी सांगू शकत नाही. भावजय म्हणाली, "घोटभरही?" ते म्हणाले, "घोटभर कधी घोटभर राहत नाही, बाई."

आणि त्याने सोडली. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि वीस महिने एक थेंब नाही. चेहरा भरला, हात थांबले, दुकानात गिऱ्हाईक परत आलं. मार्चात चवदार तळ्यावर लोटलेल्या गर्दीला पाणी वाटायला आमच्या वस्तीचा मांडव असतो. एरवी हा दुपारीच गायब व्हायचा. त्या वर्षी दिवस मावळेपर्यंत पाण्याच्या पिंपापाशी उभा होता, आणि वंदनेला पाचवं शील असं काही खणखणीत म्हणाला की पुढचे लोक मागे वळून बघायला लागले. मी रडले. भावजयही रडली. कोणी चिडवलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या लेकीचं ठरत आलं होतं. माझे यजमान जाऊन आठ वर्षं झालेली, त्यामुळे बापाच्या जागी मामाच. मुलगा-मुलीने पुण्यात एकमेकांना पसंत केलं होतं, आता मोठ्यांचं बोलणं तेवढं बाकी होतं. मुलाचे वडील मूळचे पोलादपूरच्या डोंगरातले. पस्तीस वर्षं मुंबईत काढून गावी बंगला बांधून राहिलेले. बोलताना निम्मं हिंदी, पाव इंग्रजी. फोनवर सगळी चौकशी झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाकी ताई, घरात कोणाला व्यसन वगैरे?"

मी म्हटलं, "छे छे!"

बस, एवढंच. खरं तर वाक्य तयार होतं: भाऊ प्यायचा, आता सोडली आहे. त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण मनात आलं, लेकीचं ठरतंय, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या म्हणीने आजवर किती घरं बुडवली असतील कोण जाणे.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी भेटायचं ठरलं. मी म्हटलं घरी या, पोहे करते. ते म्हणाले, "छोडो ना ताई, पोहे-बिहे कशाला? कॅज्युअल भेटू. पोलादपूरच्या अलीकडे हायवेला नवीन ओपन एअर झालंय, एकदम गोवा फील." लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, बार आहे तो, पण फॅमिलीवाले पण जातात." तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. होणाऱ्या व्याह्यांना पहिल्याच भेटीला नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हटलं.

निघण्याआधी भावाला बजावलं. "हे बघ, ते केंद्र, ते रक्त, काही काढायचं नाही. कोणी घ्या म्हटलं तर पित्ताचा त्रास आहे म्हणायचं."

तो शर्टाची बटणं लावत होता. "ताय, मी सोडलीय ह्यात लाज कसली गो? पीत व्हतो तवा लाज."

"लग्न लागू दे, मग गावभर दवंडी पीट."

"बरा," म्हणाला. माझं तो नेहमीच ऐकायचा. मुलगा माझ्या लेकीला घेऊन पुण्याहून आला होता, त्याच्या गाडीत चारच जणांची जागा, आणि भावजयीच्या लेकीची परीक्षा, म्हणून भावजय आली नाही. दारात मला म्हणाली, "ताई, जरा लक्ष ठेवा." मी म्हटलं, "मी आहे ना."

ती जागा म्हणजे पूर्वीचं भाताचं खाचर. मागे खरे डोंगर, बाजूला कापलेल्या भाताचे खुंट, आणि मध्ये ट्रकने आणून ओतलेली वाळू. समुद्र तिथून कुठच्या कुठे, पण वाळू हवी! सिमेंटचे माड आणि त्यांना प्लॅस्टिकच्या झावळ्या. गवताच्या छत्र्या, गॅसवर पेटवलेल्या मशाली, आणि जागोजागी लाकडात कोरलेले कुठल्या तरी बेटावरचे मोठ्ठे चेहरे, दात विचकलेले. वेटरांच्या अंगात जास्वंदीच्या फुलांचे शर्ट. माझ्या चपलेत वाळू गेली आणि माझं डोकं तिथेच तापलं. भावाने मात्र एका माडावर टकटक करून पाहिलं आणि भाचीला म्हणाला, "ह्याला नारल धरलं का मला सांग हां. पाडायला येतो." लेक खळखळून हसली. मुलगाही हसला. मला बरं वाटलं, मामा जावयाला आवडला म्हणून.

मुलाचे आईवडील आधीच येऊन बसले होते. मेनूचं पुस्तक नव्हतंच. टेबलावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र, ते मोबाइलवर धरायचं. मुलाच्या वडिलांनी धरलं आणि तेच मोठ्याने वाचायला लागले. निळी दारू, अननसात घातलेली दारू, शहाळ्यात घातलेली दारू, वर कागदाची छत्री. मुलाच्या आईला नको होती, तर ते वेटरला म्हणाले, "मॅडमचं व्हर्जिन." मी चपापले. लेक माझ्या कानात पुटपुटली, "आई, बिनदारूचं हवं असेल तर इथे व्हर्जिन म्हणतात." म्हटलं, काय एकेक थेरं! मी शहाळं मागवलं, साधं, ज्यात फक्त पाणी असतं ते. ते मात्र त्यांच्याकडे मिळालं. मुलगा आणि लेक आपापले ग्लास घेऊन त्या लाकडी चेहऱ्यांपाशी फोटो काढायला गेले.

"मामा, तुम्ही काय घेणार?"

"मी घेत नाय," भाऊ म्हणाला. आणि माझ्याकडे बघितलं.

मीच बोलले. "त्याला पित्ताचा त्रास आहे. पथ्य आहे."

"अरे, मग प्रॉब्लेम काय!" मुलाच्या वडिलांनी मोबाइलवरची यादी वर सरकवली. "इथे सोलकढी आहे ना! पित्ताला सोलकढीसारखं औषध नाही. आपली गावठी, आमसुलाची. एक सोलकढी लाव रे."

आता सांगा, ह्यात कोणाला काय खटकेल? कोकणातल्या माणसाला पित्त म्हटलं की दुसरा शब्द सोलकढीच सुचतो. मी हो म्हटलं, मुलाची आई हो म्हणाली, भावानेही मान डोलावली. वेटर कुठला तरी उत्तरेकडचा, त्याने मुकाट्याने लिहून घेतलं. सोलकढीच्या आधी व्हर्जिन म्हणायला हवं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं असतं?

ग्लास आला. उंच, गुलाबी, वर कोथिंबीर, काठाला मीठ-तिखट. भावाने एक घोट घेतला. थांबला. ग्लास खाली ठेवला. मग तो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "ताय, चाखून बघ गो. आयेच्या हातची लागते का?"

मी घोट घेतला. नारळाचं दूध होतं, आमसूल होतं, लसूण-मिरची होती. आणि त्या सगळ्याच्या खालून घशाला चटका बसला. पंधरा वर्षं त्याच्या शर्टाला, उशीला, तोंडाला जो वास येत होता तो माझ्या नाकात चढला. मी पक्कं ओळखलं. ह्यात शंकेला जागा नव्हती.

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलाचे वडील हसून म्हणाले, "काय ताई, कशी आहे?" माझ्या मनात एका क्षणात सगळं येऊन गेलं. आता दारू आहे म्हणून ओरडले तर ते म्हणणार, मग काय झालं, थोडी असेल. मी म्हणणार, त्याला चालत नाही. का चालत नाही? मग यकृत, मग रक्त, मग तुम्ही तर छे छे म्हणाला होता. लेक तिकडे त्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. मी मनाला म्हटलं, एका ग्लासाने काय होतंय. त्याला कुठे कळलंय? तिखटात वास दबलाय. पिऊन टाकेल, घरी जाईल, संपलं.

मी म्हटलं, "छान आहे." आणि ग्लास परत त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो संपवला. मग दुसरा आला, मुलाच्या वडिलांनीच मागवला. मामा खुलले. कपाळावर घाम आला, डोळे चमकायला लागले, भाचीच्या लहानपणच्या गोष्टी सांगून त्याने मुलाच्या आईला हसवून हसवून रडवलं. मुलाचे वडील म्हणाले, "मामा म्हणजे एक नंबर माणूस!" तिथेच, त्या दात विचकलेल्या लाकडांच्या साक्षीने, लग्न ठरलं. पेढे त्यांनी आणलेच होते. आणि मी खूश होते. हे लिहायला हात धजत नाही, पण खरं आहे, मी त्या संध्याकाळी खूश होते.

परतताना भाऊ पुढच्या सीटवर बसला होता, काच उघडी टाकून. गल्लीच्या तोंडाशी उतरला आणि म्हणाला, "ताय, पित्त एकदम बरा झाला." लेक हसली. मीही हसले.

चौथ्या दिवशी भावजयीचा फोन आला. रडत नव्हती. तिला रडू यायचं बंद झालं होतं. "ताई, काल संध्याकाळी वास आला," एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात दुकानाचं शटर दुपारीच खाली. मग सकाळीही खाली.

मी शाळेतून परस्पर रिक्षा करून त्या बारवर भांडायला गेले. दुपारच्या उन्हात ती जागा अगदीच केविलवाणी दिसत होती, माडाचा रंग उडालेला. मॅनेजरला म्हटलं, "सोलकढीत दारू घालता? लोकांना पाजता? लाज नाही वाटत?" तो सभ्य होता मेला. मोबाइल काढून दाखवला. सोलकढी, आणि खाली बारीक अक्षरांत, पांढरी रम घालून. "मॅडम, लिहिलेलं आहे. व्हर्जिन सांगितलं असतं तर तशी दिली असती." मी रोज पोरांना ओरडते, आधी प्रश्न पूर्ण वाचा.

तरी घरी येऊन भावजयीला मी सांगितलं, त्या लोकांनी फसवून पाजली. त्याला कळलंच नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. वस्तीतही तेच सांगितलं. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं. त्याला कळलं नव्हतं, एवढ्या एका आधारावर मी रात्री झोपत होते.

लग्न वैशाखात झालं. हॉल भरलेला, लेक पांढऱ्या साडीत, मामा तिच्या मागे उभा. दोन दिवस कोरडा राहून आला होता, तरी हात लटलट कापत होते. पंचशील सुरू झालं. माझे व्याही मोठ्याने म्हणत होते. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, माझ्या पाठीमागे भावाचा आवाज येत होता. पाचव्याला थांबला. मी मागे वळून बघितलं नाही.

श्रावणात तो गेला.

व्याही भेटायला आले, ओसरीवर बसले. मग म्हणाले, "ताई, मला कळलं आता सगळं. आधी सांगायचं ना! माझा सख्खा मोठा भाऊ दारूतच गेला. म्हणून तर मी फोनवर विचारलं होतं. मी कधीमधी घेतो ते वेगळं, व्यसनी मला नको होता, पण सोडलेला माणूस? अहो, त्याला मी डोक्यावर घेऊन नाचलो असतो." आणि तो एवढा मुंबईचा माणूस ओक्साबोक्शी रडला. मला त्याचा इतका राग आला की बस. वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

पण खरा राग त्याच्यावर नाही, आणि बारवाल्यावरही नाही. भाऊ जायच्या दोन दिवस आधीची दुपार होती. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. भावजय औषधं आणायला खाली गेली होती. वॉर्डात पंखा फिरत होता आणि मी त्याच्या पायांना तेल लावत होते. तो म्हणाला, "ताय, ती सोलकढी."

मी लगेच म्हटलं, "मेल्यांनी फसवलं रे तुला."

"नाय गो. मला वासालाच कळली व्हती. इतकी वर्सं पिलो, मला नाय कळनार?"

माझे हात थांबले. "मग ठेवली का नाहीस रे?"

"म्हनून तर तुला चाखायला दिली." त्याला धाप लागली, तो थांबला. "मला एकट्याला नव्हती ठेवता येत. म्हटला, ताय तोंडात घेंल आनी गिलास फेकून देंल. मग सुटलो. तू म्हनलीस, छान आहे."

मला कळलं नाही रे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, इतकी मी निर्लज्ज.

"नको," तो म्हणाला. "मी तुझ्या तोंडाकडंच बघत व्हतो."

तेवढ्यात भावजय औषधांची पिशवी घेऊन आत आली. तिने विचारलं, काय बोलत होता? तो म्हणाला, "काय नाय, ताय पाय चोळतेय." मीही म्हटलं, काही नाही. तिला मी अजून सांगितलेलं नाही. ती आजही येते-जाते, त्या बारवाल्यांना तळतळून शिव्याशाप देते, आणि मी समोर बसून मान डोलावते.